कानात सांगायची बोली

आदरणीय कुमुदताई वझे यांची नि माझी ओळख एका भांडणामुळे झाली, आणि ते भांडण आमच्या दोघींचं नव्हतं. मी भूमापन कचेरीत भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजणं हे माझं काम. म्हसळ्याहून बदली होऊन मी अलिबागला आले आणि आल्या आल्या चौलच्या दोन शेजारी वाड्यांच्या हद्दीचा वाद माझ्या गळ्यात पडला. दिवसभर दोन्ही घरांचे टोमणे ऐकत मोजणी केली. संध्याकाळी सामान आवरून रस्त्यावर आले, तर समोरच्या वाडीच्या फाटकापाशी सायकलवाल्यांची रांग लागलेली. फाटकालगतच्या कट्ट्यावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. निळ्या काठाची सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच, शेजारी मिटलेली छत्री. एकेक स्वार सायकल धरून पुढे यायचा, वाकून बाईंच्या कानात काहीतरी पुटपुटायचा, बाई मान हलवायच्या, आणि तो सुसाट सुटायचा.

नको तिथे नाक खुपसण्याची खोड मला लहानपणापासूनची. शेवटचा स्वार सुटल्यावर मी सरळ कट्ट्यापाशी गेले आणि ही मंडळी तुमच्या कानात काय सांगतात, असं विचारलं. ताईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "ते कळायला रांगेत उभं राहावं लागतं. सायकल आहे?"

पुढच्या शुक्रवारी एका सहकाऱ्याची सायकल मागून आणून मी रांगेत उभी होते. तेव्हापासून आजवर, मधला एक काळ सोडला तर, मी त्या रांगेतच आहे. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'ताईंच्या क्रीडाक्षेत्रातील कार्याचा आढावा' घ्यायला सांगितलं आहे. ताईंच्या अध्यापनाबद्दल त्यांच्या विद्यार्थिनी लिहितीलच. रेवदंडा ते नागाव या पट्ट्यात वझेबाईंकडून भूगोल शिकली नाही अशी बाई शोधावी लागेल. मी मात्र त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. मला माहीत आहेत त्या शुक्रवारच्या ताई, म्हणून माझा आढावा त्या कट्ट्यापासून खाजणाच्या बांधापर्यंत आणि तिथून परत, एवढाच असणार आहे.

आमच्या सायकल मंडळाची संध्याकाळची शर्यत घड्याळाशी असते. स्वार एकत्र सुटत नाहीत, मिनिटामिनिटाच्या अंतराने एकेकटे सुटतात. ताईंच्या फाटकापासून निघायचं, नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून आत जायचं, मग झाडी संपून मोकळं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल लागते, तिथे बांधावर पाणी सोडायची उघाडी आहे, तिला वळसा घालून परत यायचं. इतर गावांतही अशा शर्यती होतात आणि ज्याला कमी वेळ लागतो तो जिंकतो. आमच्याकडे तसं नाही. सुटण्यापूर्वी आपल्याला किती वेळ लागेल ते प्रत्येकाने ताईंच्या कानात सांगायचं. याला आम्ही बोली म्हणतो. स्वाराच्या मनगटावर घड्याळ नाही, खिशात चालू फोन नाही. ज्याची बोली प्रत्यक्ष वेळेच्या सर्वांत जवळ, तो जिंकला, आणि त्याला ताईंच्या वाडीतलं शहाळं. ज्याची बोली सर्वांत जास्त चुकली, त्याने पुढच्या शुक्रवारी शर्यतीआधी वाडीतला रस्ता झाडायचा, कारण पडलेल्या झावळ्या आणि वाळू यांवरून चाक घसरतं. स्वार परत येईपर्यंत त्याची बोली फोडायची नाही, हा नियम तर ताई स्वतःच्या सावलीलाही मोडू द्यायच्या नाहीत.

पहिल्या शुक्रवारी मी झाडू मिळवला. नवा माणूस हटकून तो मिळवतोच. जाताना समुद्राकडचा वारा पाठीशी असतो, सायकल आपोआप पळते आणि आपण म्हणतो, एवढंच होय! आदल्या दिवशी मी गुपचूप बांधापर्यंत जाऊन वेळ पाहून आले होते, आणि त्याची दुप्पट बोली सांगितली होती. मोजणीच्या माणसाला याहून चोख हिशेब सुचणं शक्य नव्हतं. येताना तोच वारा छाताडावर आला आणि मी पायडल मारतेय की दळण दळतेय ते कळेना. कट्ट्यापाशी पोचले तेव्हा ताईंनी शांतपणे विचारलं की खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मला शाळेत कोणी शिकवला होता. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांची चूक नाही, तो धडा पुस्तकातून कोणालाच कळत नाही.

ही बोलीची पद्धत ताईंचीच. मंडळ सुरू झालं तेव्हा ज्याने वेळ बघायची तो आला नाही, म्हणून मुलांनी फाटकातून बाईंना हाक मारली. शाळेच्या क्रीडास्पर्धांमुळे त्यांच्याकडे स्टॉपवॉच होतं. त्या दिवशी त्या कट्ट्यावर बसल्या आणि मग शुक्रवार त्यांचाच झाला. काही आठवड्यांत त्यांच्या लक्षात आलं की दर वेळी बाळू म्हात्रेच जिंकतो आणि रांग आखूड होत चालली आहे. बाळू मूळचा पेणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. आता त्याचे स्वतःचे ट्रक आहेत, पण मांड्या अजून मिठागराच्याच. ताईंनी कोणाला न दुखवता शर्यतच बदलली. बाळू तेव्हा फुरंगटला होता म्हणतात. पुढे काही आठवडे त्याने सलग रस्ता झाडला आणि मग तोही या खेळाला चटावला.

परत आलेल्या स्वाराला ताई वेळ लगेच सांगत नाहीत. आधी विचारतात, "काय दिसलं?" यातून सुटका नाही. धापा टाकत का होईना, वाटेतली एक तरी गोष्ट सांगावी लागते. कोणी सांगतो उघाडीच्या फळ्यांतून पाणी गळतंय, कोणी सांगतो अमक्याच्या वाडीत पोफळी मोडून पडली. मी बांधावरचा हद्दीचा दगड सांगायचे, कारण माझी नजर दुसऱ्या कशावर ठरत नाही. बाळू वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आला आहे, "बगले व्हते." ताई प्रत्येकाचं ऐकून घेतात, उलट प्रश्न विचारतात, दगडावर शेवाळ आहे का, पाणी भरतीचं की ओहोटीचं, बगळे किती. पंचाहत्तराव्या वर्षी इतकी ताजी जिज्ञासा मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही. माझी खोड म्हणजे नुसतं नाक खुपसणं, ताईंची म्हणजे खरं कुतूहल, हा फरकही मला त्या कट्ट्यावरच कळला.

त्यांच्या मायेबद्दल एकच प्रसंग सांगते. मध्यंतरी माझी आई म्हसळ्याला अंथरुणाला खिळली. मी रजा टाकून गेले, मंडळात कोणाला काही कळवलं नाही. आई गेली. सगळं आवरून मी परत आले तेव्हा पावसाळा तोंडावर होता. बाळूने मला सांगितलं की मी नसताना दर शुक्रवारी माझी पाळी आली की ताई माझं नाव पुकारायच्या, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट रस्ता रिकामा ठेवायच्या आणि मगच पुढच्याला सोडायच्या. उजेड चाललाय म्हणून मागचे लोक कुरकुर करायचे. ताई त्यांना म्हणायच्या, "तिची जागा आहे ती. आली नाही म्हणून दुसऱ्याची होत नाही." मी रोज उठून अशी माणसं बघते जी शेजाऱ्याची वीतभर जागा दाबण्यासाठी कोर्टाची पायरी चढतात. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर रडले. आई गेल्यापासून तसं रडले नव्हते.

आता मूळ कोड्याकडे येते. ज्या बाईंनी एवढी वर्षं सायकलींची शर्यत चालवली, त्यांना सायकल येत नव्हती. थोडीफारही नाही, अजिबात नाही. याचं आम्हां सगळ्यांना विलक्षण कुतूहल होतं आणि प्रत्येकाने आपापला तर्क बसवला होता. कोणी म्हणे लहानपणी सायकलवरून विहिरीच्या दोणीत पडल्या होत्या, कोणी म्हणे वडिलांनी शपथ घातली होती. मला तर त्यामागे एखादी अधुरी प्रेमकहाणी दिसत होती. मी आडून आडून विचारलं, सरळ विचारलं, दिवाळीच्या फराळाला बसल्यावर विचारलं. ताई हसून चकली पुढे करायच्या.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही कट्ट्यावर चहा पीत होतो. मी नेहमीप्रमाणे विषय काढला. बाळू कंटाळून म्हणाला, "ओ मॅडम, रोज रोज काय का न्हाय येत, का न्हाय येत? ताई, तुमाला शिकायचं हाय का?"

ताईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "हो. शिकायचंय." आणि पुढे म्हणाल्या, "सगळ्यांनी मला का येत नाही ते विचारलं. शिकायचंय का, हे आज पहिल्यांदा कोणी विचारलं."

गोष्ट तेवढीच होती. दोणीत कोणी पडलं नव्हतं आणि प्रेमकहाणीही नव्हती. घरात सायकल होती ती भावाची, मग नोकरी, संसार, वाडी, आणि मग वय झालं असं लोकांनी ठरवलं ते त्यांनीही मानलं. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोल्या कानात घेतल्या, एकदा आपली बोली कोणाच्या तरी कानात सांगायची होती.

हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. त्याआधी ताई वाडीत शेवाळावरून घसरून पडल्या होत्या आणि मनगट मोडलं होतं. हाडं ठिसूळ झाली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचे चिरंजीव नंदन पुण्याला असतात. त्यांनी तेव्हाच आईकडून कबूल करून घेतलं होतं की पुन्हा पडलीस तर वाडी बंद करून पुण्याला यायचं. ताईंनी शब्द दिला होता, आणि ताई दिलेला शब्द फिरवत नाहीत हे नंदनना आणि आम्हांलाही ठाऊक होतं. म्हणजे सायकलवरून एकदा पडणं याचा अर्थ चौल सुटणं, कट्टा सुटणं, शुक्रवार सुटणं. मी घाबरून नको म्हणाले. ताईंनी त्याच संध्याकाळी नंदनना फोन करून सगळं सांगून टाकलं. चोरून काही करायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. नंदननी मग मला फोन केला आणि तुम्ही सगळे मिळून माझ्या आईचं हाड मोडणार, असं बरंच काही सुनावलं. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

वाडीतल्या खळ्यावर, जिथे सुपारी वाळत घालतात, तिथे ताईंचं शिक्षण सुरू झालं. बाळूने एक लहान सायकल आणली, सीट अगदी खाली केली आणि दोन्ही पायडलं काढून टाकली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवत, ढकलत ढकलत आधी नुसता तोल शिकायचा. साडीत हे जमेना. ताई उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आल्या, आणि पडण्यापेक्षा त्याचीच त्यांना जास्त धास्ती होती. विद्यार्थिनींपैकी कोणी फाटकातून गेली की त्या पटकन माडाआड व्हायच्या. तोल आला, मग पायडलं चढली, मग खळ्याला फेऱ्या सुरू झाल्या. एकदा हँडल वळलं आणि ताई कडेला रचलेल्या झावळ्यांवर जाऊन बसल्या. ताई उठल्या, ड्रेस झटकला आणि निकाल दिला की झावळ्यांवर बसणं हे पडणं नव्हे. तरी नंदनना त्यांनी तेही कळवलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. नंदननी एवढंच विचारलं की आई कोणत्या शुक्रवारी शर्यतीत उतरणार आहे.

त्या शुक्रवारी नंदन सकाळीच पुण्याहून आले. कट्ट्याच्या टोकाला हाताची घडी घालून बसले. ताईंनी आमच्या सगळ्यांच्या वेळा घेतल्या, निकाल सांगितला, शहाळं दिलं आणि मग स्टॉपवॉच गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलं. हेल्मेट बांधलं. सायकल धरून पुढे आल्या, वाकल्या, आणि माझ्या कानात आपली बोली सांगितली. त्यांचा श्वास जोरात चालला होता. मी मान हलवली, जशी त्या हलवतात तशी, आणि त्या निघाल्या.

पोफळींच्या वळणापर्यंत त्या दिसल्या. मग नुसता रस्ता. स्वार वाटेवर असताना मागे कोणी जायचं नाही, हा नियम. आम्ही थांबलो. समुद्राकडचा वारा मंदावत होता, माडांचा आवाज कमी होत चालला होता. बोलीची वेळ झाली आणि टळली. मी कोणाला सांगू शकत नव्हते, पण माझं तोंड बघून सगळ्यांना कळलं असावं. बाळूने सायकल रस्त्याकडे वळवली. नंदन उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "जा म्हणा ना कोणालातरी."

मी म्हटलं, अजून उजेड आहे, थोडं थांबू. स्टॉपवॉच मुठीत धरून मी वळणाकडे बघत राहिले. त्या क्षणी ताईंच्या कामाचं ओझं काय असतं ते मला कळलं. कोणाला थांबवायचं आणि कोणाला जाऊ द्यायचं, हे त्या दर शुक्रवारी हसतमुखाने ठरवत आल्या होत्या.

मग वळणापलीकडून घंटी वाजली. समोर कुत्रं नाही की माणूस नाही, तरी ताई शिस्तीत घंटी वाजवत आल्या. बाळू हँडल धरायला धावला, त्याला त्यांनी हातानेच दूर केलं. सायकल थांबवली, एक पाय टेकला, दुसरा टेकला, आणि आपल्या आपण उतरल्या. नंदन पुढे आले. म्हणाले, "पडली नाहीस ना?"

"नाही रे. थांबले होते," ताई म्हणाल्या.

घड्याळ माझ्याकडे होतं, म्हणून प्रश्नही मीच विचारायचा होता. मी विचारलं, "काय दिसलं?"

ताईंनी आधी पाणी मागितलं. मग आम्हां सगळ्यांची झडती सुरू झाली. एवढी वर्षं आम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी की खोटी, हे त्या बांधावर सायकल लावून एकेक तपासत बसल्या होत्या. उघाडीच्या फळ्यांतून पाणी गळतं, खरं. मोडलेल्या पोफळीचं खोड अजून आहे, खरं. बाळूला त्यांनी सांगितलं की तिथे एकही बगळा नाही, आहेत ते करकोचे, आणि एवढ्या वर्षांत त्याने एकदाही नीट मान वळवून पाहिलेलं दिसत नाही. मग माझ्याकडे वळल्या. "आणि भूकरमापकबाई, तुमचा दगड डाव्या हाताला आहे. तुम्ही उजव्या सांगता." मी म्हटलं, येताना उजव्याच हाताला येतो. त्यावर आमची जुंपली. नंदन हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसत राहिले. पुण्याचा विषय त्यांनी त्यानंतर काढलेला नाही.

ताईंची बोली त्या दिवशी सर्वांत जास्त चुकली होती. पुढच्या शुक्रवारी आम्ही यायच्या आधीच त्या झाडू घेऊन रस्त्यावर होत्या. बाळूने झाडू मागितला, मी मागितला, कोणाला दिला नाही. संध्याकाळी पुण्याहून नंदनचा फोन आला, आईने रस्ता नीट झाडला का, हे विचारायला.

परवा या ग्रंथाच्या निमित्ताने मी ताईंकडे गेले होते. अमृतमहोत्सवी लेखाचा शेवट दीर्घायुष्याच्या शुभेच्छांनी करायचा असतो, तर किती वर्षांच्या देऊ, असं मी त्यांना थट्टेने विचारलं. शंभर लिहिणं सोपं होतं. पण ताईंनी प्रश्न मनावर घेतला. थोडा विचार केला, मला जवळ बोलावलं, आणि माझ्या कानात आपली बोली सांगितली.

स्वार परत येईपर्यंत बोली फोडायची नाही, तेव्हा तो आकडा मी इथे लिहिणार नाही. मंडळाच्या वतीने मी एवढंच मागते की ताईंची तब्येत ठणठणीत राहो, हाडं शाबूत राहोत, वारा पाठीशी असो. आणि ही बोलीही चुकू दे, मागच्या वेळेपेक्षा जास्त. ताई, सावकाश या. वाटेत थांबा, आम्ही सांगितलेलं सगळं एकेक तपासून पाहा, करकोचे मोजा, माझा दगड कोणत्या हाताला आहे ते पुन्हा एकदा बघा. कितीही उशीर झाला तरी रस्ता आम्ही झाडून ठेवू.